विश्लेषण : अवकाश कशाचे बनले आहे? औंढ्याच्या माळावरचे यंत्र काय सांगेल, काय नाही

विष्णुपुरी धरणाच्या भिंतीवरून शंकरसागर जलाशयाकडे पाहिले, की पाणी एकसंध दिसते. त्यात कुठे सांधा नाही, फट नाही. पावसाळ्यात दरवाजे उघडले की हेच पाणी गोदावरीत फेसाळत उतरते, तरीही ते 'एकच' वाटते. प्रत्यक्षात ही सुट्या रेणूंची अफाट गर्दी आहे, हे आज सातवी-आठवीतले मूलही सांगते. पण ते पाणी ज्या जागेत साठले आहे, त्या जागेचे काय? तीही एकसंधच दिसते. तिलाही कण असतील का?

प्रश्न रिकामटेकडा वाटण्याची शक्यता आहे. विष्णुपुरीच्या परिसरात स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ आहे, श्री गुरू गोबिंदसिंगजी अभियांत्रिकी संस्था आहे, शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. इथल्या वसतिगृहांतल्या मोबाइलवर 'विश्व हा होलोग्राम आहे', 'आपण सगळे संगणकाच्या खेळातली पात्रे आहोत', 'क्वांटम विज्ञानाने अमुक तत्त्वज्ञान सिद्ध केले' असले व्हिडिओ रात्री-अपरात्री फिरतच असतात. त्यातले काय विज्ञान, काय अंदाज आणि काय निव्वळ थाप, हे वेगळे करणे अवघड जाते. कारण तिन्ही एकाच आवाजात, एकाच पार्श्वसंगीतासह सांगितले जाते.

पण या भागाला या प्रश्नाकडे गांभीर्याने पाहण्याचे आणखी एक कारण आहे. विष्णुपुरीहून वसमतमार्गे निघाले तर दीड-दोन तासांत औंढा नागनाथ येते. त्या तालुक्यात दुधाळा शिवारात 'लायगो-इंडिया' ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभी राहायची आहे. अवकाश ताणले जाते आणि आकसते, हे मोजणारे यंत्र. नामदेवांच्या कीर्तनासाठी देऊळ फिरले अशी आख्यायिका ज्या गावची, त्याच गावच्या माळावर आता अवकाश किती हलले हे मोजले जाणार आहे.

रंगमंच की नट?

न्यूटनने १६८७ मध्ये जे विश्व मांडले, त्यात अवकाश म्हणजे रंगमंच. नट येतात, जातात, रंगमंच जागचा हलत नाही. आइन्स्टाइनने १९१५ मध्ये हा रंगमंचच नाटकात ओढला. सूर्यासारखी जड वस्तू आजूबाजूचे अवकाश आणि काळ वाकवते आणि त्या वाकण्यालाच गुरुत्वाकर्षण म्हणायचे, असे त्याचे म्हणणे. म्हणजे रिकामी जागा ही 'काहीच नसणे' नव्हे. ती वाकते, ताणली जाते, तिच्यात लहरी उठतात.

मराठीत 'पेरणीला अजून अवकाश आहे' असे म्हणतात, तेव्हा जागा नव्हे, वेळ अभिप्रेत असतो. एकाच शब्दात जागाही आणि काळही! यावरून पूर्वजांना सापेक्षता ठाऊक होती असा निष्कर्ष काढायची घाई करू नये. भाषेची ती सोय आहे. पण मराठी वाचकाला अवकाश-काल ही जोडगोळी फारशी परकी वाटायला नको, एवढे खरे.

आइन्स्टाइनच्या चित्रात अवकाश गुळगुळीत आहे, कितीही बारीक केले तरी. दुसरीकडे पुंजयांत्रिकी सांगते की निसर्गात अनेक गोष्टी सुट्या-सुट्या पुड्यांत येतात. प्रकाशही. दोन्ही सिद्धांत आपापल्या जागी चोख आहेत. कृष्णविवराच्या पोटात किंवा विश्वाच्या पहिल्या क्षणात दोघांची गाठ पडते, तेव्हा गणित कोलमडते. अवकाशाच्या मूळ स्वरूपाविषयीचे बहुतेक अंदाज या तडाख्यातून निघालेले आहेत.

पाणी तापते, म्हणूनच...

सर्वात सोपा धागा उष्णतेचा आहे. एकोणिसाव्या शतकात बोल्ट्झमन या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञाने ओळखले, की वस्तू तापते म्हणजे ती उष्णता साठवायला तिच्या आत काहीतरी सुटे, हलणारे असले पाहिजे. अणू कोणी पाहिलेले नव्हते. तरी पाणी तापते या एका गोष्टीवरून रेणूंचा माग लागतो.

आता हीच युक्ती अवकाशाला लावायची. १९७२ च्या सुमारास जेकब बेकेनस्टाइन याने सुचवले की कृष्णविवराला एन्ट्रॉपी असते, आणि ती त्याच्या पृष्ठफळाच्या प्रमाणात असते. स्टीफन हॉकिंग यांनी १९७४ मध्ये गणिताने दाखवले, की कृष्णविवराला तापमानही असते. सूर्याएवढ्या वस्तुमानाच्या कृष्णविवराचे हे तापमान निरपेक्ष शून्यापेक्षा एका अंशाच्या कोटीव्या भागाहूनही कमी अंतरावर असते, त्यामुळे ते प्रत्यक्ष कोणी मोजलेले नाही. पण गणित पक्के मानले जाते. कृष्णविवर म्हणजे तर वाकलेले अवकाशच. त्याला तापमान असेल तर तापणारे नेमके काय?

पुण्याच्या आयुकात अनेक वर्षे काम केलेले प्रा. थाणू पद्मनाभन (निधन १७ सप्टेंबर २०२१) यांनी हा प्रश्न आयुष्याचा विषय केला. त्यांच्या मते गुरुत्वाकर्षण हे मूलभूत बल नसून पाण्याच्या दाबासारखी, तापमानासारखी 'वरून दिसणारी' गोष्ट आहे. एका रेणूला तापमान नसते. ते गर्दीला असते. तसेच अवकाशाच्या 'अणूं'च्या गर्दीतून गुरुत्वाकर्षण प्रकटते. विश्वाचे प्रसरण म्हणजे नवे अवकाश उगवणे आहे, अशीही मांडणी त्यांनी २०१२ मध्ये केली. हे अणू कसे असतील यावर त्यांनी फार ठाम विधान केले नाही. बोल्ट्झमनलाही अणूचा आकार ठरवता आला नव्हता, पण तो अणूंबद्दल बरोबर होता.

मुंबईतून आलेला एक पुरावा याच्या शेजारी ठेवण्यासारखा आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील शिराज मिनवाला आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये दाखवले, की एका विशिष्ट गणिती विश्वात आइन्स्टाइनची समीकरणे आणि प्रवाही पदार्थाची समीकरणे एकमेकांत उलगडतात. ते विश्व आपले नव्हे, ही अट महत्त्वाची आहे. व्हिडिओवाले नेमकी तीच गाळतात.

'होलोग्राम'ची कल्पनाही याच झाडाची फांदी. लातूरच्या बाजारातल्या गोदामात सोयाबीनची किती पोती मावतील, हे गोदामाच्या घनफळावर ठरते. कृष्णविवराचा हिशेब वेगळा निघाला : आत किती माहिती मावेल हे भिंतींच्या क्षेत्रफळावर ठरते. तेव्हा त्रिमितीतले जग कदाचित द्विमितीतल्या नोंदींतून उभे राहत असेल, असे जेरार्ड टी हूफ्ट यांनी १९९३ मध्ये सुचवले आणि लेनर्ड ससकिंड यांनी ते पुढे नेले. यात 'जग खोटे आहे' असे कुठेही नाही. गोदाम खरे, पोती खरी. फक्त नोंदवही भिंतीवर आहे.

शिरपूरचा विणकर

अवकाश कशाचे विणले आहे याचे सर्वात नेमके उत्तर देण्याचा प्रयत्न एका मराठी माणसाने केला आहे. अभय अष्टेकर यांचा जन्म १९४९ चा, धुळे जिल्ह्यातल्या शिरपूरचा. शिकागो विद्यापीठात डॉक्टरेट, पुढे अमेरिकेतच पेन स्टेट विद्यापीठात अध्यापन. १९८६ मध्ये त्यांनी आइन्स्टाइनची अवघड समीकरणे नव्या चलांमध्ये लिहून काढली. ती एकदम सुटसुटीत झाली. या 'अष्टेकर चलां'च्या पायावर कार्लो रोव्हेली, ली स्मोलिन आणि इतरांनी जी इमारत रचली, तिला 'लूप क्वांटम ग्रॅव्हिटी' म्हणतात.

कल्पना समजायला नांदेडकरांना लांब जायला नको. शहरातल्या मराठवाडा खादी ग्रामोद्योग समितीत राष्ट्रध्वज तयार होतात. दुरून पाहिला तर तिरंग्याचा कपडा सलग पृष्ठभाग आहे. जवळ गेले की ताणा-बाणा दिसतो. द्विमितीय वाटणारा कपडा एकमितीय धाग्यांचा आहे, आणि धाग्यांच्या मधे 'कपडा' नावाचे काहीच नाही. अवकाशही असेच पुंज-धाग्यांच्या कड्यांनी विणलेले आहे, असे हा सिद्धांत म्हणतो. १९९२ मध्ये अष्टेकर, रोव्हेली आणि स्मोलिन यांनी लिहिलेल्या शोधनिबंधाच्या शीर्षकातच 'विणकाम' हा शब्द आहे. क्षेत्रफळ कितीही लहान करता येत नाही, त्याला सर्वात लहान तुकडा असतो, हा या गणिताचा निष्कर्ष.

तो तुकडा किती लहान? त्याचे माप ज्या प्लांक लांबीत सांगतात, ती एका मीटरमध्ये दशांश चिन्हानंतर चौतीस शून्ये देऊन मग येणारी संख्या. शून्ये मोजून काही कळत नाही, म्हणून असे पाहावे : एक प्रोटॉन फुगवून नांदेड जिल्ह्याएवढा, म्हणजे शंभरेक किलोमीटर रुंद केला, तर त्याच प्रमाणात फुगलेली प्लांक लांबी खऱ्या प्रोटॉनएवढी होईल. हदगाव ते देगलूर पसरलेल्या जिल्ह्यात एक प्रोटॉन शोधायचा.

या विणकामाचा सर्वात धाडसी परिणाम विश्वाच्या आरंभाबद्दल आहे. अष्टेकर, तोमाश पावलोव्स्की आणि परमप्रीत सिंग यांनी २००६ मध्ये गणित मांडले, की मागे मागे जात राहिले तर विश्व शून्यात कोसळत नाही. अवकाशाचा कपडा एका मर्यादेपलीकडे दाबला जात नाही, तो उसळतो. म्हणजे महास्फोटाच्या आधी आणखी एक, आकसणारे विश्व असावे. 'आधी काय होते' हा आजीला विचारायचा प्रश्न इथे निदान गणिताचा प्रश्न झाला.

टीकाही तितकीच खरी आहे. या कड्यांतून दैनंदिन, गुळगुळीत अवकाश निर्विवादपणे परत मिळते हे अजून दाखवता आलेले नाही. स्ट्रिंग सिद्धांताचे पुरस्कर्ते वेगळ्याच वाटेने चालले आहेत. आणि दोन्ही बाजूंकडे प्रयोगशाळेत तपासून 'हे घ्या' म्हणता येईल असे काही नाही.

चुकण्याची तयारी

मग अशा कल्पना आणि मोबाइलवरची थाप यांत फरक कोणता? फरक कळण्यासाठी जयंत नारळीकरांची कारकीर्द पाहणे उपयोगी आहे, तीही त्यांच्या यशाच्या नव्हे तर अपयशाच्या बाजूने.

फ्रेड हॉइल यांच्याबरोबर नारळीकरांनी विश्वाला आरंभच नाही असे मानणाऱ्या स्थिर स्थिती सिद्धांताची बाजू लढवली. १९६४ मध्ये दोघांनी गुरुत्वाकर्षणाचा नवा सिद्धांत मांडला. त्यामागचा प्रश्न लहान मुलाने विचारावा असा आहे : विश्वात एकच कण असता, दुसरे काहीच नसते, तर त्याला वस्तुमान असते का? हॉइल-नारळीकर सिद्धांताचे उत्तर 'नाही' असे आहे. कणाचे जडत्व हे उरलेल्या साऱ्या विश्वाची देणगी आहे. असणे हे एकट्याचे नसतेच. 'अस्तित्व' या शब्दाला भौतिकशास्त्रात इतका थेट हात फार कमी वेळा घातला गेला.

पुढे काय झाले ते सर्वांना माहीत आहे. १९६५ मध्ये पेन्झियास आणि विल्सन यांना सर्व दिशांनी येणारे सूक्ष्मलहरींचे प्रारण सापडले आणि महास्फोटाची बाजू जड झाली. नारळीकरांनी १९९३ मध्ये हॉइल आणि जेफ्री बर्बिज यांच्यासह सुधारित 'जवळपास स्थिर' विश्वाची मांडणी केली. तीही बहुसंख्यांनी स्वीकारली नाही. पण या सिद्धांतांत पळवाटा नव्हत्या. किती रेडिओ स्रोत दिसायला हवेत, कोणते प्रारण दिसता कामा नये, हे आधी सांगितलेले होते. म्हणूनच ते तपासता आले. नारळीकर २० मे २०२५ रोजी गेले, तेव्हा त्यांनी १९८८ मध्ये उभी केलेली आयुका ही लायगो-इंडियाच्या प्रमुख संस्थांपैकी एक होती. पद्मनाभन हे त्यांचेच विद्यार्थी. गुरूच्या विश्वरचनेवर न थांबता वेगळ्या वाटेने गेलेले. ही परंपरा जपण्यासारखी आहे.

'आपण संगणकीय खेळातली पात्रे आहोत' या कल्पनेची गोची इथे आहे. निक बॉस्ट्रम या तत्त्वज्ञाने २००३ मध्ये मांडलेला मूळ युक्तिवाद शक्यतांबद्दलचा आणि काळजीपूर्वक आहे. पण त्याची जी आवृत्ती फिरते तिला काहीही दिसले तरी चालते. पुरावा मिळाला तर खेळ, न मिळाला तर खेळ लिहिणारा हुशार. असा दावा चुकूच शकत नाही, म्हणून त्यातून काही शिकताही येत नाही.

तपासणी कुठवर आली?

पूर्ण अंधार आहे असेही नाही. २००९ मध्ये फर्मी या अंतराळ दुर्बिणीने एका दूरच्या गॅमा किरण स्फोटाची नोंद केली. सात अब्ज वर्षांहून अधिक प्रवास करून आलेले कमी-जास्त ऊर्जेचे किरण जवळजवळ एकाच वेळी, एका सेकंदाच्या आत पोहोचले. अवकाश ढोबळपणे खडबडीत असते, तर जास्त ऊर्जेचे किरण वाटेत रेंगाळले असते. दाणेदार अवकाशाच्या काही साध्या कल्पना तिथे गारद झाल्या. अष्टेकरांचा सिद्धांत मात्र त्यात अडकत नाही. अमेरिकेत फर्मीलॅबमध्ये 'होलोमीटर' या यंत्राने होलोग्रामच्या एका विशिष्ट प्रकारची थरथर शोधली. २०१५ मध्ये उत्तर आले : ती नाही.

१४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेतल्या हॅनफर्ड आणि लिव्हिंगस्टन इथल्या लायगो वेधशाळांना पहिली गुरुत्वीय लहर सापडली. सुमारे एक अब्ज तीस कोटी प्रकाशवर्षांवर दोन कृष्णविवरे एकमेकांत मिसळली, त्याची ही लहर होती. चार किलोमीटर लांबीच्या भुजेत पडलेला फरक प्रोटॉनच्या व्यासाच्या शेकडो पटींनी लहान होता. गोंगाटातून असा क्षीण संकेत वेचून काढायच्या पद्धतीत आयुकाच्या संजीव धुरंधर यांचे पायाभूत काम आहे. १७ ऑगस्ट २०१७ रोजी दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या मीलनाची लहर आणि गॅमा किरण तेरा कोटी वर्षांचा प्रवास करून अवघ्या १.७ सेकंदांच्या फरकाने आले. गुरुत्व आणि प्रकाश एकाच वेगाने धावतात हे ठरले, आणि गुरुत्वाकर्षणाचे कित्येक पर्यायी सिद्धांत एका दुपारीत निकाली निघाले.

सर्वात बोलकी नोंद १४ जानेवारी २०२५ ची. मिसळण्यापूर्वी दोन कृष्णविवरांचे मिळून पृष्ठफळ सुमारे २ लाख ४० हजार चौरस किलोमीटर होते, महाराष्ट्राहून थोडे कमी. मिसळल्यावर झालेल्या एकाच कृष्णविवराचे सुमारे ४ लाख, महाराष्ट्राहून बरेच जास्त. पृष्ठफळ घटत नाही, हे हॉकिंग यांनी १९७१ मध्ये सांगितले होते. पृष्ठफळ म्हणजे एन्ट्रॉपी, एन्ट्रॉपी म्हणजे आतल्या सुट्या कणांची मोजदाद, असा जो धागा बेकेनस्टाइनपासून पद्मनाभन आणि अष्टेकरांपर्यंत येतो, त्याचे पहिले टोक आता निरीक्षणात पक्के झाले आहे. दुसरे टोक अजून मोकळेच आहे.

औंढ्यात काय होणार, काय नाही

इथे स्पष्ट बोलायला हवे. लायगो-इंडियाला अवकाशाचे दाणे दिसणार नाहीत. यंत्राची पोच आणि प्लांक लांबी यांत सोळा-एक शून्यांचे अंतर आहे. जे होईल ते असे : अमेरिकेतल्या दोन, इटलीतली एक आणि जपानमधली एक अशा वेधशाळांच्या जोडीला भारतातली आली, की लहर आकाशात नेमकी कुठून आली हे फार चांगले कळेल. कृष्णविवरांच्या मीलनानंतरचा 'घणघणाट' अधिक स्वच्छ ऐकू येईल. आइन्स्टाइनच्या आकड्यात कुठे बारीकसा फरक आहे का, हे तपासता येईल. तो फरक सापडलाच तर वरच्या साऱ्या अंदाजांपैकी कोणाला पाणी मिळाले ते कळू लागेल.

प्रकल्पाला तत्त्वतः मान्यता फेब्रुवारी २०१६ मध्ये मिळाली. केंद्रीय मंत्रिमंडळाने सुमारे २,६०० कोटी रुपयांना अंतिम मंजुरी दिली एप्रिल २०२३ मध्ये. सात वर्षे गेली. त्याच वर्षी ११ मे रोजी पायाभरणी झाली. २०३० हे उद्दिष्ट सांगितले गेले. या सात वर्षांत विष्णुपुरीत भौतिकशास्त्र शिकलेल्या कित्येक तुकड्या लायगोचे नाव ऐकत पदवी घेऊन बाहेर पडल्या आणि पुण्या-हैदराबादला नोकरीला लागल्या. मराठवाड्याला ही चाल नवीन नाही.

दुसरी गोष्ट जमिनीची. २१ मार्च आणि १० जुलै २०२४ रोजी हिंगोली जिल्ह्यात ४.५ तीव्रतेचे धक्के बसले, नांदेडपर्यंत भांडी वाजली. वसमत-औंढा भागातली गावे जमिनीतून येणाऱ्या गूढ आवाजांनी कित्येक वर्षे हैराण आहेत. ३० सप्टेंबर १९९३ ची किल्लारीची पहाट लातूर विसरलेले नाही. तेव्हा 'इतक्या नाजूक यंत्रासाठी हलणारी जमीन कशी चालते' हा गावकऱ्यांचा प्रश्न अडाणीपणाचा नाही, तो अगदी मुद्द्याचा आहे. उत्तरही आहे. यंत्राचे चाळीस किलोचे आरसे काचेच्या तंतूंवर, चार टप्प्यांच्या लोलकाला टांगलेले असतात. जमिनीचा हादरा आरशापर्यंत पोहोचेपर्यंत विरतो. मोठ्या भूकंपाने यंत्र काही तास बंद पडते, अमेरिकेतही पडते. मग पुन्हा जुळवतात. जगात कुठेच न हलणारी जमीन नाही. पण हे उत्तर दुधाळ्याच्या पारावर, मराठीत, कोणीतरी बसून द्यायला हवे. ते अधूनमधून नव्हे, सतत.

कारण वेधशाळेला शांतता लागते. जड वाहतूक, खडी फोडणे, रेल्वे, या सगळ्यांची कंपने तिला ऐकू येतात. म्हणजे उद्या परिसरातल्या लोकांना 'इथे हे करू नका' असे सांगितले जाईल. कशासाठी, हे त्यांना कळलेले नसेल तर ती केवळ आणखी एक बंदी ठरेल. जमीन आमची आणि ज्ञान त्यांचे, ही भावना एकदा रुजली की चार किलोमीटरची भुजाही ती मोजू शकणार नाही. विद्यापीठ आणि अभियांत्रिकी संस्था विष्णुपुरीत हाकेच्या अंतरावर आहेत. निर्वात नळ्या, लेझर, कंपनांच्या नोंदी, संगणकीय विदा यांचे अभ्यासक्रम तिथे आजच सुरू व्हायला हवेत. यंत्र उभे राहिल्यावर नव्हे. त्यासाठी नोबेल लागत नाही, मंजूर पदे भरावी लागतात.

अशी वेधशाळा सुरू होते, तेव्हा सुरुवातीला वैज्ञानिक दूरच्या कृष्णविवरांपेक्षा जवळचा गोंगाटच जास्त ऐकतात. कोणती थरथर वाऱ्याची, कोणती पंपाची, कोणती जमिनीखालची, हे एकेक करून ओळखावे लागते. औंढ्यात तर वसमत रस्त्याचा ट्रक, उसाची बैलगाडी आणि जमिनीतला तो जुना आवाज, सगळ्यांचीच नोंद होईल. त्यातला कोणता कशाचा, हे सांगायला त्या रस्त्याने रोज ये-जा केलेला माणूस नियंत्रण कक्षात बसलेला असेल, तर काम लवकर उरकेल.